काविळीची लस

४ जून
आले एकदाची! प्रयोगशाळा रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आणि दोन जिने खाली अण्णा. बापलेकी एकाच छपराखाली, आणखी काय हवं? अण्णांचं यकृत निकामी झालंय आणि माझ्या यकृताचा तुकडा त्यांना जुळतो. इथल्या कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची शस्त्रक्रिया फुकट होते, म्हणून तर ही नोकरी धरली. पगार ऐकला तर शत्रूलाही दया येईल. नव्या माणसाने काविळीची लस घ्यायचा नियम आहे. मोठ्या डॉक्टरांनी पहिली सुई आजच टोचायला लावली. माणूस फार गोड बोलतो.

११ जून
काम आवडलं. पेशीत चरबी जाळायचा हुकूम निघतो, त्याला आरएनए म्हणायचं. एक प्रथिन त्या हुकमाला बिलगून त्याला जपतं. आम्ही उंदरांना औषध देऊन ते प्रथिन बंद पाडतो. मग हुकूम वाटेतच विरतो आणि यकृत लोण्यासारखं पिवळं पडतं. काचेवर यकृताचा काप घेऊन रंग दिला, की प्रथिन तपकिरी दिसतं आणि चरबीच्या जागी पांढरी भोकं. तुलनेला निरोगी नमुना लागतो, म्हणून प्रत्येक नवा माणूस स्वतःच्या यकृताचा कण देतो, अशी इथली रीत. माझी काच बघून डॉक्टर म्हणाले की हा दागिनाच आहे. मीही खुळ्यासारखी फुशारले.

२ जुलै
लसीची दुसरी सुई. थकवा जात नाही, अन्नावरची वासना उडाली आहे. अण्णा म्हणतात, आधी तू दोन घास खा, मग मला यकृत दे.

२० जुलै
शस्त्रक्रियेआधी माझा कण पुन्हा घेतला. रंग मीच दिला. तपकिरी ठिपका औषधालाही नाही, नुसती भोकं. वाटलं, उंदराची काच मिसळली. पण पेशी माणसाच्या होत्या आणि क्रमांक माझा.

२१ जुलै
डॉक्टरांनी नाकारलंसुद्धा नाही. ती लस नव्हतीच. म्हणाले, उंदरांवर किती दिवस भागवायचं? इतकं स्वच्छ यकृत रोज थोडंच मिळतं? अण्णांचं काय, विचारलं, तर म्हणाले, धाकटा भाऊ आहे ना तुम्हाला. वर चहा घेणार का, हेही विचारलं.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात. उंदीर कापताना मी गाणं गुणगुणायचे.

२३ जुलै
पोलिसांकडे निघाले होते. जिन्यातच पडले. आता अण्णांच्या शेजारच्या खोलीत. अक्षर वेडंवाकडं येतंय. धाकट्याला सगळं सांगितलं. पण डॉक्टरांनी त्याला आधीच पढवलंय, यकृत बिघडलं की माणसाला भ्रम होतो, डॉक्टरांवरच संशय घेतो. भ्रम होतोच. मीही हेच शिकले आहे.

२५ जुलै
धाकटा यकृत देणार. आधी लस. एकाच घरातली दोन यकृतं, डॉक्टर खुशीत — वाटोळं होवो त्यांचं — ही वही मी धाकट्यापुढे धरली. माझं अक्षर बघून रडला. वाचलं नाही.

२६
शब्द सापडत — धाकटा आलाय. ताई घाबरते म्हणून लस इथेच घेतो म्हणाला. माझ्यासमोर. बघ, काही होत नाही, म्हणतो. ओरडते, नुसता घोगरा आवाज — नर्सने कापूस — बाही वर — हसतोय माझ्याकडे बघून — मी त्याचा हात धर