लागला, बोचला, वाचला

प्रिय ठोंब्या,

लग्न झालं, बढती मिळाली, चारचौघांत तुला साहेब म्हणतात, तरी माझ्या पत्रात तू ठोंब्याच. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतोस आणि पाठीमागून तुझ्या सासऱ्यांचा घसा खाकरल्याचा आवाज येतो. मग मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून देते. आज सांगायचंय ते हवापाण्याचं नाही.

इकडे सगळं बरं आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलंय, त्यामुळे माझ्याकडे आता वाकड्या फ्रेमा सरळ करण्याचंच काम उरलंय. काल एक गृहस्थ स्वतःच्याच चष्म्यावर बसले आणि तो घेऊन आले, वर म्हणाले, माल हलका आहे. मी त्यांच्या वजनाकडे फक्त एकदा बघितलं. तुझ्या बाबांनी गॅलरीतल्या कुंड्या पुन्हा इकडच्या तिकडे केल्या. तुझ्या खेळाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवू नका असं त्यांना बजावलंय, पण ऐकतील ते बाबा कसले.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तू आणि तुझे सासरे तुझा तो बोटभर शिपायांच्या लढाईचा खेळ मांडून बसलात आणि मी नि सूनबाई शेजारच्या सोफ्यावर. ती बिचारी ऑफिसातल्या गमती सांगत होती आणि माझे कान टेबलाकडे. सासऱ्यांच्या तोफेनं तुझ्या भालेकऱ्यांवर मारा केला. फासे पडले, ते म्हणाले, लागला. पुन्हा टाकले, म्हणाले, बोचला. मग फासे तुझ्याकडे सरकवून भुवया उडवत त्यांनी विचारलं, वाचला का? माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

अरे, ते शब्द आपले होते. नियमांच्या पुस्तकात हिट, वूंड, सेव्ह, डॅमेज असलं काहीबाही लिहिलेलं आणि ते माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. तू शिकत होतास तेव्हा तुझा खेळातला जोडीदार शहर सोडून गेला होता आणि तू टेबलाच्या दोन्ही बाजूंनी स्वतःच फासे टाकत बसायचास, एकदा या खुर्चीत, एकदा त्या. मला ते बघवेना, म्हणून मी समोर बसले. मला वाटायचं तलवार मारली की माणूस मेला, त्यात एवढं काय! तू समजावलंस. आधी वार अंगापर्यंत पोचतो का ते बघायचं: लागला का. लागला तरी समोरचा चिवट असेल तर आत शिरत नाही, म्हणून वाराचा जोर आणि त्याचा चिवटपणा ताडून पुन्हा फासे: बोचला का. मग ज्यानं मार खाल्ला त्यानं स्वतःच्या हातानं, चिलखताच्या भरवशावर फासे टाकायचे: वाचला का. आणि नाहीच वाचला तर शेवटचा प्रश्न, किती गेलं. हे चार प्रश्न आपल्या घरभर झाले. परीक्षेचा पेपर देऊन आलास की मी दारातच विचारायचे, किती गेलं? आपण का हसतोय ते बाबांना कळायचंसुद्धा नाही. आणि तू ते चारही प्रश्न उचलून व्याह्यांच्या ओंजळीत घातलेस. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला त्यांना काय जातंय!

बरं, नुसते शब्द नाहीत. त्या दिवशी त्यांच्या बाजूला उभं होतं ते सैन्यही मी रंगवलेलं. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून एकेका शिपायाचे डोळे काढलेत मी, एकाला तर गंमत म्हणून गोल चष्मासुद्धा. ते सैन्य तुझ्याबरोबर दिलं तेव्हा मला वाटलं, तू खेळशील.

त्यात ते खेळतातही चांगले. हे लिहिणं माझ्या जिवावर येतंय. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, खिशात स्वतःची मोजपट्टी, नुसती नजर टाकून सांगतात तोफ पोचेल की नाही. तुझ्या राक्षसानं त्यांच्या तुकडीवर घाव घातला, एका फटक्यात चार जीव नेणारा. तुकडीत पाच जिवांचा कप्तान आणि एकेका जिवाचे शिपाई. घाव कोणाच्या अंगावर घ्यायचा हे ज्याची तुकडी त्यानं ठरवायचं. मी असते तर कप्तानाच्या अंगावर घेतला असता. तो खमका आहे, सोसेल, बाकीच्यांनी का मरावं? त्यांनी मात्र शांतपणे एक शिपाई पुढे केला. त्याचा जीव एकच, तेवढाच गेला आणि उरलेला सगळा घाव वाया. तू मांडीवर थाप मारून म्हणालास, वा! आणि तो शिपाई कोणता होता, तर चष्मेवाला. बिस्किटांच्या बशीशेजारी आडवा करून ठेवला त्यांनी. मला तू नेहमी म्हणायचास, आई, तू सगळं कप्तानावर घेतेस म्हणून हरतेस. हरत होते, कबूल. पण मला वा म्हटल्याचं काही आठवत नाही.

जळते रे मी. स्पष्टच लिहिते. बायका सुनेवर जळतात, जगाची रीत आहे, चार बायकांत बसून बोलताही येतं. मला सून आवडते. मी जळते ती तिच्या बापावर, आणि हे सांगायचं कोणाला? तुझ्या बाबांना सांगितलं तर ते हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. बरं, तो माणूस वाईट तरी असावा! मी परत निघाले तेव्हा माझी बॅग त्यांनीच उचलली, बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली आणून दिली. राग धरायला काही जागाच ठेवत नाहीत. मी हात हलवून हसले आणि मनात म्हणत होते, यांच्या प्रत्येक फाशावर एक पडो. एक पडला की काहीच लागत नाही, हे तूच शिकवलंस.

तर पत्राचं कारण. तू आणि ते खेळायला जाता त्या क्लबच्या स्पर्धेत मी नाव दिलंय. चिटणीस बाईंना फोन केला, त्यांनी वय विचारलं आणि ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. पहिल्या फेरीत हव्या त्या खेळाडूला आव्हान देता येतं, हे त्यांनीच सांगितलं. मी तुझ्या सासऱ्यांना दिलं. त्यांनी लगेच स्वीकारलं, वर निरोप पाठवला की विहीणबाईंचा मान म्हणून पहिला हल्ला तुमचा. तुला अजून सांगू नका असं मीच त्यांना कळवलंय, आणि ते शब्द पाळतील, तेवढे ते चांगले आहेतच. सध्या सरावाला तुझ्या बाबांना समोर बसवते. ते मेलेली माणसं गुपचूप पुन्हा उभी करतात.

मी बहुधा हरेन. त्याचं काही नाही. पण चिटणीस बाई म्हणाल्या, घरची मंडळी आपापल्या खेळाडूच्या खुर्चीमागे उभी राहतात. सूनबाई तिच्या वडिलांच्या मागे उभी राहील, राहायलाच हवी. तू कोणाच्या मागे उभा राहणार, ते मला आधी कळव. मध्ये उभा राहीन असं लिहू नकोस. त्यांच्या मागे राहणार असशील तर तसं सरळ लिही. मी तरीही येईन, फक्त निघण्याआधी घरी एकदा रडून घेईन, तिथे सगळ्यांसमोर नको.

अजून तरी तुझीच,
आई