पेरणाऱ्याचा घास

धाकट्या भाऊजींना वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

यंदा भात असा पिकलाय म्हणून सांगू! कोठी भरली, आता पलंगाला टेकूनसुद्धा पोती रचलीत. नात त्यांच्यावर घसरगुंडी खेळते. पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड काही मिटत नाही बयेचं.

काल सणाला नव्या तांदळाचा भात केला. देवाला दाखवला, पानं वाढली, आणि सगळे हात बांधून बसले. आपल्या घरात पहिला घास पेरणाऱ्याचा, आणि पेरलं होतं तुम्ही. पेरणी उरकली आणि दोघे भाऊ बांधावर भांडलात. कशावरून, तर पाणी आधी कुठल्या वाफ्याला सोडायचं! तेवढ्यावरून तुम्ही पिशवी उचलून लेकीकडे गेलात.

आमचा थोरला लेक म्हणाला, "बाबा, तुम्हीच घ्या घास."

"माझं पोट बरं नाही," हे म्हणाले. दोनदा न्याहारी केलेल्या माणसाचं पोट!

नात म्हणाली, "मग धाकट्या आजोबांना बोलवा ना. मला भूक लागलीय."

हे उठून गोठ्यात गेले. शेवटी मी जुना तांदूळ शिजवला. सणाच्या दिवशी सगळ्यांनी तोच खाल्ला, नवा भात तसाच राहिला.

हे पत्र मी टाकणार नाही. वहिनीच्या शब्दावर तुम्ही धावत याल, पण बोलवायला हवं भावानं. काल मी यांच्या मागोमाग गेले होते. हे बैलाला विचारत होते, "मी बोलावलं तर येईल का रे तो?"

बैलानं मान हलवली, पण यांना काही धीर झाला नाही.

तुमची वाट बघणारी,
वहिनी