मामाची मांडी आणि माझे केस

आर्णी, सोमवार

तीर्थरूप पुंडलिकमामांना अमरचा दंडवत.

आम्ही सारे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सारे. तुमचा गुडघा कसा आहे? (हे रीत म्हणून विचारलेलं नाही, कारण खाली येईल.) प्रेरणाताईचं लग्न जमलं ही बातमी आणि रविवारच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मामाला हातानेच लिहायचं, असं बाबांनी मला बजावलं आहे. पत्र ते तपासणारही होते, पण त्यांचा चष्मा सापडत नाही. (तो माझ्या खिशात आहे.) कार्यक्रम माझे केस काढण्याचा आहे.

याचं मूळ तुम्ही आहात. मी आठवीत असताना तुम्ही घर बदललं आणि जुन्या कॅसेटींचं खोकं आमच्या माळ्यावर टाकून गेलात. वर्गातली पोरं डीजेवर नाचायची आणि मी तुमचे ते काजळ घातलेले, ओठ रंगवलेले, कधीच मागे पडलेले विलायती गायक ऐकायचो. आवाज बाईचा की बाप्याचा, शेवटच्या कडव्यापर्यंत पत्ता लागायचा नाही. माझा स्वतःचा आवाज तेव्हा फुटत होता, सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा, आणि वर्ग हसायचा. त्या खोक्यात मला पहिल्यांदा अशी माणसं भेटली ज्यांना याची लाज वाटत नव्हती. मामा, त्यांनी मला फार धीर दिला. म्हणून शाळा-कॉलेजचा जाच संपल्याबरोबर बारावीनंतर मी केस वाढवले. आता ते कमरेला टेकलेत.

यात देवाचा काही संबंध आहे का? पण शेजारच्या सोनीबाईने आईला विचारलं, पोराने केस काहून वाढवले म्हणून, आणि पोराला गाणी आवडतात एवढं साधं सांगायची आईला लाज वाटली. म्हणाली, नवस आहे. कोणाचा? टेकडीवरच्या देवीचा. कशासाठी? आई अडली. समोर प्रेरणाताई मेथी निवडत होती, म्हणून म्हणाली, हिचं लग्न जमण्यासाठी. झालं. पानटपरीवर मला मॅडम म्हणणारे दुसऱ्या दिवसापासून हात जोडू लागले. केस तेच, डोकं तेच! गाण्यासाठी वाढवले तर पोरगं वाया गेलं, देवीसाठी वाढवले तर गुणाचं. या अन्यायाची दाद कुठे मागायची?

आता दिग्रसचा मुलगा ठरला. ताई नर्स आहे, मुलगा तिने स्वतः पाहिला, स्वतः पसंत केला, आणि श्रेय माझ्या केसांना. (म्हणून ती माझ्याशी बोलत नाही.) साजिदभाईंना वस्तऱ्यासकट बोलावणं गेलं आहे, दोनशे माणसांचं जेवण सांगितलं आहे. त्यात बाबांचं शास्त्र असं की नवसाचे केस म्हणजे जावळच, आणि जावळ मामाच्या मांडीवरच निघालं पाहिजे. मी चोवीस वर्षांचा आहे आणि एक्क्याऐंशी किलोचा.

शेवटी मी आईला म्हटलं, आई, तो नवस खोटा होता, तुलाही ठाऊक आहे. तर ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "खोटा असता तं लग्न जमलं असतं काय?" पण दर रविवारी या केसांना तेल तीच लावते, हेही खरं. काल लावताना तिचा हात बराच वेळ डोक्यावर राहिला आणि मला फार वाईट वाटलं.

तरी रविवारी सहकुटुंब येऊन आपली मांडी लाभू द्यावी.

तुमचा भाचा,
अमर

ता. क. येऊ नका. गुडघा दुखतो म्हणून कळवा. दुखत नसेल तर चार जिने चढून दुखवून घ्या. मामाच्या मांडीशिवाय बाबा वस्तरा लावू देणार नाहीत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच सोनीबाई आली. माझ्यापुढे पदर पसरून म्हणाली, "भाऊ, कापू नोको. माह्या पोरीसाठी राहू दे." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, देवीच्या कामाला नाही कसं म्हणावं, एक बट वाहून जुना नवस फेडू आणि नवा धरू, आणि लगेच तेलाची वाटी आणायला गेली. तेव्हा मामा, या. दोनशे माणसांचं जेवण आहेच. सोनीबाईची मुलगी सध्या सहावीत आहे आणि तिला डॉक्टर व्हायचं आहे.