टाचा टेकल्या नव्हत्या

रविवार, मळवली

वराळ्याचे दाजी, माझ्या बहिणीचे यजमान, आले आणि माझ्या नातीच्या काखांत हात घालून तिला थेट पलंगावर उभं केलं. "बघा, उभी ऱ्हायली! डॉक्टरला काय कळतंय?"

दहा महिन्यांची चिऊ अजून मान धरत नाही, उभी कशी राहील? टाचा टेकल्याच नव्हत्या. पाय ताठ, एकावर एक चढलेले. तो मेंदूच्या दुखण्याचा ताठरपणा, ताकद नव्हे. हे मी स्वतः वाचून, विचारून शिकलोय.

पण लेक धावत आली. "आबा, खरंच?"

तिचा फुललेला चेहरा मीच का पाडायचा? तरी टाचा दाखवल्या, ही ताकद नाही, दुखणं आहे, असं सांगितलं.

"तुमी लय अभद्र बोलता," दाजी म्हणाले आणि चहा पिऊन निघाले. लेकीने त्यांना फाटकापर्यंत सोडलं. माझ्याशी अजून बोललेली नाही.