मागच्या सीटवरचा लंबक

गुरुवार, दिवेलागण

उद्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, तीही सगळ्यांसाठी खुली. बी.एड.च्या अर्ध्या पोरींना मी लंबक कॉम्प्युटरवर शिकवला, अर्ध्यांना खडू-फळ्याने. फरक पडत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात छापून बसले. आज कॉम्प्युटर गटातली सुनीता सहज बोलून गेली, "मॅडम, बशीत मागच्या सीटवर आमी फळ्यावाल्या पोरींला बी मोबाइलवर लंबक दाखवायचो. त्यांला समजंना, मग काहून न्हाई दाखवायचं?"

काहून नाही! शिक्षिकाच व्हायचंय त्यांना. पण मागच्या सीटवर सगळ्याच शिकल्या, मग माझा निष्कर्ष? परीक्षकांनी विचारलं, गट वेगळे कसे ठेवले, तर? खोटं बोलू?

जाताना सुनीता हसून म्हणाली, "उद्या आमी समद्या ऐकायला येऊन राहिलो. बशीत मागची सीट धरतो तुमच्यासाठी."