भोंग्यावरून सांगितलेलं ऊन

प्रिय यशोदा,

भाताच्या गंजावर, त्या पितळी पातेल्यावर, पळी आपटल्याचा तो जुना आवाज आज दुपारी कानात आला. मी अंगणात एखाद्या कवितेत हरवलेला, भात निवत चाललेला, आणि आतून तुझा टोला : "कविता झाली का गुरुजी? मंग जेवाले या." तू गेल्यापासून तसं टोकणारं कोणी नाही. म्हणूनच जे झालं ते तुला लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड नाही.

जंगलात विडीचा तेंदूपत्ता तोडायचे दिवस आहेत. परवा दवाखान्याची आशाताई निरोप घेऊन आली. आता रात्रीही तापलेल्याच राहतात, अंगाला विसावा मिळत नाही. तेव्हा लोकांनी सकाळी दहाच्या आत जंगलातून परतावं. "गुरुजी, तुमचा आवाज चांगला. भोंग्यावरून सांगून द्या."

आवाज चांगला म्हटलं की मी विरघळतो, तुला ठाऊक आहे. त्या साध्या निरोपाला मी यमकं जुळवत बसलो. सूर्याचा कोप, करपलेली धरणी, माणसाचा लोभ, सगळं आलं. दहाच्या आत परतायचं, तेवढं राहिलं.

आणि देवळाचा भोंगा आपल्या गावात अवेळी कशासाठी वाजतो? कोण गेलं ते सांगायला. माझा करुण सूर ऐकून लोक खांद्यावर दुपट्टे टाकून धावत आले.

"कोन गेलं, गुरुजी?" शेजारच्या किसननं विचारलं.

"कोणी नाही. ऊन वाढतं आहे."

"हात्तिच्या! मी तं सरणाची लाकडं काढाले निघालो होतो. गर्मी तं दरसालचीच आहे."

सगळे हसले. मरण टळलं म्हणून हसले, यशोदा. त्या सुटकेत माझा निरोप कोण ऐकणार? मी नुसतं घाबरवलं. करायचं काय, ते सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी किसनची सून पार्बता भर दुपारी पानांच्या गठ्ठ्यासकट कोसळली. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात नेली. किसन माझ्या दारावरून मान फिरवून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

तू जायची एवढी घाई काऊन केलीस गं?

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. वाटलं, किसन आला, वाईट बातमी घेऊन. दार उघडलं तर पार्बता. चेहरा उतरलेला, हाताला सुईची पट्टी तशीच.

"आताच सुट्टी झाली, गुरुजी. तुमी भोंग्यावर काय म्हणून राहिले होते? मले समजलंच नाही. मामाजी उद्या पानाले जाऊन राहिले, माहं ऐकत नाही."

सासऱ्याची काळजी घेऊन ती ओट्यावर बसली आहे. तिला पाणी दिलं, आणि निरोप एका वाक्यात सांगितला.

उद्या उजाडायच्या आधी तुझा गंज पळीनं वाजवत दारोदार निघेन. पहिलं दार किसनचं. यमक एकही जुळवणार नाही, वचन देतो.

तुझा,
गुरुजी