रिलीव्हर आला का?

नाना, काल तुमची शाल उन्हात घातली. कपाटातून काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मला उगाच तुमचाच राग आला. जिवंत होतात तोवर एकदाही अंगावर घेतली नाहीत ती. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्यावर चिडता येतं बघा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चिड ना, कोन नाय म्हनतंय," आणि बुटांना पॉलिश करत बसला असतात.

शालीची गोष्ट तुम्हाला माझ्या बाजूनं कधी सांगितलीच नाही. तोफखान्यातून निवृत्त होऊन तुम्ही अंबडच्या कारखान्यात वॉचमन झालात आणि चार-पाच वर्षांनी त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले. खरं सांगते, मला लाज वाटायची. कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेले इंजिनिअर स्कूटरवरून आत शिरत, तुम्ही खटकन सॅल्यूट ठोकत होतात आणि त्या लाटसाहेबांची मानसुद्धा हलत नसे. तोफांनी तुमचा उजवा कान नेलेला. त्या बाजूनं हॉर्न वाजला की तुम्हाला कळायचं नाही, मग "ए बहिऱ्या!" अशी हाक. टाइपरायटरवर माझी बोटं थांबत. वाटायचं, खाली जाऊन एकेकाच्या कानाखाली वाजवावी. अरे मेल्यांनो, एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही घरी पांघरुणात होतात तेव्हा हा माणूस सरहद्दीवर उभा होता! पण नोकरी नवी होती. त्याऐवजी मॅनेजरसाहेबांच्या मागे हात धुऊन लागले, की पंधरा ऑगस्टला माजी सैनिक म्हणून माझ्या वडिलांचा सत्कार करा. दोन महिने पिच्छा पुरवला तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

पंधरा ऑगस्टची सकाळ. कॅन्टीनसमोर मांडव, खुर्च्या, टेबलावर शाल-श्रीफळ, शेजारी जिलेबीची खोकी. झेंडावंदन झालं. राष्ट्रगीत चालू असताना मी गेटकडे पाहिलं, तर तुम्ही तिथे ताठ उभे आणि गेटबाहेर मालकांचे मेहुणे गाडीतून हॉर्न वाजवतायत. शेवटचं 'जय हे' संपेपर्यंत तुम्ही कडीला हात लावला नाहीत. मला हसू आलं आणि ऊरही भरून आला. मग माइकवर तुमचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. तुम्ही जागचे हलला नाहीत. वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा पुकारलं. आता लोक माना वळवून बघायला लागले, मागून कुणीतरी खिदळलं. मी साडी सावरत गेटवर आले.

"नाना, चला लवकर! दोनदा नाव घेतलं."

"ऐकलं मी. रिलीव्हर आला नाय."

त्या आठवड्यात तुमची रात्रपाळी होती. पुढच्या पाळीचा वॉचमन, जो तुम्हाला सकाळी सातला सोडवायला यायचा, त्याची चांदवडहून येणारी बस चुकली होती. "पाच मिनिटांचं काम आहे हो," मी म्हणाले, "कारखाना बंद आहे आज. कोण काय उचलून नेणार आहे?"

"गेट रिकामं सोडता येत नाय पोरी. तू घे जा माझ्या वतीनं."

"सगळ्यांसमोर नाक कापलंत माझं. जन्मभर पहारेच दिलेत, काय दिवे लावलेत त्यातून? कोण विचारतं तुम्हाला?"

हे मी बोलले नाना, याच शब्दांत. तुम्ही डावा कान माझ्याकडे केला होतात, म्हणजे सगळं नीट ऐकू गेलं. तुम्ही नुसते म्हणालात, "जा, साहेब खोळंबलेत."

शाल मीच घेतली. आपल्या भिंतीवर जो माजी सैनिकाच्या सत्काराचा फोटो आहे, त्यात सैनिक नाहीच, मी आहे, तोंड पाडून उभी. रिलीव्हर साडेअकराला घामाघूम होऊन आला. मला वाटलं तुम्ही झापाल. तुम्ही त्याला म्हणालात, "आलास? बरं झालं," आणि तुमच्या वाटणीची जिलेबी त्याच्या हातावर ठेवलीत. मग शालीची कडेला कडा लावून घडी घातलीत आणि ती माझ्या हातात दिलीत.

आठवडाभर मी अबोला धरला. पुढच्या रविवारी तुम्ही आपणहून बोललात, तेही बुटाकडे बघत. "लढाईत येकदा लय थंडी व्हती. रिलीव्हर लांबून येताना दिसला, म्हनून मी दहा पावलं आधीच निघालो. जागा रिकामी दिसली तसा तो पळत सुटला. आडोसा सोडून, उघड्यावरनं. तो काय पोचला नाय." तेवढंच. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. माफ करा म्हणायला हवं होतं, किंवा तुम्ही केलंत त्याबद्दल दोन चांगले शब्द. मी म्हणाले, "चहा टाकू का?"

आणि मग पुष्कळ वर्षांनी तो दवाखाना. तुमची फुप्फुसं भरून आलेली, तरी तुम्ही खाटेवर आडवे होईनात. दाराकडे तोंड करून, पाठीचा कणा ताठ ठेवून बसलेले. नर्स विनवतेय, "आजोबा, पडा की जरा." तुम्ही तिच्याकडे बघतही नाही. दुपारी चारला मी आत येते, तुम्ही विचारता, "रिलीव्हर आला का?" आई मला व्हरांड्यात ओढते. डॉक्टर तिला सगळं सांगून गेलेत. पदर तोंडाशी धरून ती म्हणते, "अगं, आला म्हणून सांग की. सुटतील ते." मला कळतं तिला काय म्हणायचंय. मी परत आत येते, तुमच्या डाव्या कानाशी वाकते आणि सांगते, "नाही आला नाना. बस चुकली त्याची."

तुम्ही मान हलवलीत आणि तसेच बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी खाली औषधं आणायला गेले आणि वर आले तर तुम्ही आडवे झाला होतात, सुटला होतात. आईनं सांगितलं असावं. तिनं कधी कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही.

आता पंधरा ऑगस्टला आमच्या कॉलनीतसुद्धा माजी सैनिकांना बोलावतात, हार घालतात, मुलं येऊन थँक यू म्हणतात. मी टाळ्या वाजवते आणि लवकर घरी येते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून शालीच्या घडीत ठेवतेय. तुमच्यासारखी घडी मला अजून जमत नाही. एकच सांगायचं होतं, तेवढ्यासाठी एवढं लिहिलं. तुमचा रिलीव्हर दवाखान्यात पहिल्याच दिवशी आला होता नाना, वेळेवर. मीच त्याला गेट उघडलं नाही.